फुटाण्यांच्या पंगतीतला चहा

झाशीला जाणारे लोक किल्ला पाहायला जातात. मी चहाचा पाडाव करायला गेलो होतो. वळकटीत दोन धोतरं, दोन सदरे आणि डोक्यात एक ज्वलंत व्याख्यान, एवढंच सामान. ‘चहाचा फास’ या आमच्या पत्रकाचा गठ्ठा मी टपालाने आधीच पुढे पाठवला होता. ते पत्रक लिहिलं आमच्या छापखान्याच्या मास्तरांनी. इतर मुलं बाराखडी पाटीवर शिकतात, मी मास्तरांच्या पत्रकांवर शिकलो. मिसरूड फुटायच्या आधीच मी त्यांच्या छपाईयंत्रावर हात ठेवून शपथ घेतली होती की आयुष्यात चहा पिणार नाही. हाताला लागलेली शाई आठवड्यात गेली, शपथ टिकली.

झाशीची मराठी मंडळी दरवर्षी गणपती बसवतात आणि पुण्याकडून एखादा वक्ता बोलावतात. यंदा माझं नाव सुचवलं दिनकरने. दिनकर मूळचा झाशीचा, पण शाळेला पुण्यात होता आणि आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे तो लष्करी दवाखान्याबरोबर बोटीने चीनला गेला आणि परत येऊन झाशीला रेल्वेच्या दवाखान्यात लागला. ‘विषय तुझा तू ठरव,’ असं त्याने लिहिलं होतं. मी चहा ठरवला आणि कळवलं. त्यावर त्याचं उत्तर आलं नाही. ते मी कौतुक समजलो.

वाटेतल्या प्रवासाबद्दल एवढंच सांगतो की इटारसीला डब्यातल्या सगळ्यांनी चहा घेतला, मी त्यांना चहाचे दुष्परिणाम समजावले, आणि बीनाला त्यांनी पुन्हा घेतला.

स्टेशनाजवळचं घर

दिनकर फलाटावर उभा होता. बाहेर पडल्याबरोबर टेकडीवरचा किल्ला दिसला, भाद्रपदातले ढग त्याच्या बुरुजांवर टेकलेले. मी थबकलो.

“तो कुठे पळत नाही,” दिनकर म्हणाला. “आधी आईला भेट. तिचं सध्या बिनसलंय.”

दिनकरची आई म्हणजे गोदूकाकू. ठेंगणी मूर्ती, घट्ट खोचलेला पदर, आणि जवळ गेलं की वेलदोड्याचा वास. दारातच त्या म्हणाल्या, “यावं भैया. पाणी पिऊन घ्या, मग चहा पिऊन घ्या, मग बोलू.”

झाशीची मराठी अशी आहे. दीडदोनशे वर्षांपूर्वी शिपाईगिरी आणि कारकुनी करत इकडे आलेल्या घरांनी भाषा जपली, पण तिला हिंदीचं अंगडं शिवलं. माझे पुणेरी कान टवकारले. मग आठवलं की पुण्यात दारात आलेल्याला अतिशय शुद्ध भाषेत “काय काम आहे?” असं विचारतात. कान खाली घेतले.

“मी चहा घेत नाही,” मी म्हणालो.

“तब्येत?”

“तत्त्व.”

काकूंनी मुलाकडे पाहिलं. “दिनू, पाहुणा आणलास की नानांचा वकील?”

नाना कोण, ते मला जेवताना कळलं. नाना रेल्वेच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झालेले, मराठी मंडळींचे पुढारी आणि धर्मशास्त्राचे स्वयंभू अधिकारी. काय कुठल्या गाडीने जावं हे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. आता कोणी कुठल्या पंगतीत बसावं हे ते ठरवत.

दिनकरने चीनहून चहाचे चार डबे आणले होते. आल्या आल्या नानांच्या ओसरीवर बसून त्याने तिकडच्या गमती सांगितल्या. तिथवर ठीक होतं. पण तो रंगात आला आणि तापलेल्या कढईत चहाची पानं कशी परततात तेही त्याने सांगितलं.

“झाऱ्याने?” नानांनी विचारलं.

“छे हो नाना, उघड्या हातांनी! काय सफाई!”

झालं. परक्या मुलखातल्या, कुठल्या कोण माणसाने हातांनी रांधलेलं अन्न. ते गोदूच्या घरात शिरलं. गोदू ते रोज पिते. निकाल लागला की यंदा गोदूकाकूंनी उत्सवाच्या मुदपाकखान्यात पाऊल ठेवू नये. पुण्यात मुदपाकखाना हा शब्द मी फक्त पेशवाईतल्या जुन्या कागदांत वाचला होता. झाशीत तो अजून धूर सोडतो.

शेवटच्या दिवशी तिथे भंडारा होतो, म्हणजे सगळ्या मंडळींचा महाप्रसाद. त्याचं पुरण, काकू या घरात सून म्हणून आल्या त्या वर्षापासून, त्यांच्या हातचं. यंदा ते काम नानांच्या भावजयीकडे गेलं होतं.

“तिचं पुरण वाटीत घेऊन पिता येतं,” काकू म्हणाल्या आणि माझ्या पानात तिसरी पोळी टाकली.

यात माझ्या गठ्ठ्याने भर घातली होती. मी पोचायच्या आधी तो मंडळींच्या नावावर पोचला, नानांनी तो सोडला, आणि आरतीनंतर त्यातलं एक वाक्य खड्या आवाजात वाचलं: ‘चिनी चहाच्या पानांत रेशमाच्या किड्यांचे केस आढळतात.’ म्हणजे आधी फक्त परक्याचा हात होता, आता किड्याचा केसही आला. मला जगात दोन गोष्टींचा संताप आहे, चहाचा आणि सोवळ्याचा. झाशीत त्या दोन्ही एकमेकींच्या गळ्यात गळे घालून माझ्यासमोर उभ्या होत्या.

मी ताटावरून उठून म्हणालो, “काकू, हा अन्याय आहे. उत्सवावर बहिष्कार टाकू. मी व्याख्यान देणार नाही. भंडाऱ्याच्या दिवशी मंडपासमोर निषेधसभा घेऊ!”

“आणि पुरण?” काकू म्हणाल्या.

“पुरण दुय्यम आहे!”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बसलो आणि पोळी संपवली. रात्री परत पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी न्याहारीलाही. दिनकर हळूच म्हणाला, “गेले दहा दिवस हेच चाललंय. तिचे हात स्वस्थ बसत नाहीत. लवकर काहीतरी कर, नाहीतर मी मरेन.”

बरुआसागर

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः मला न्यायला आले. भंडाऱ्यासाठी आलं आणि भाजी आणायला ते बरुआसागरला जाणार होते. माणूस उंच, किडकिडीत, खांद्यावर उपरणं, आणि माझ्याकडे पाहून डोळ्यांत खरंखुरं प्रेम.

“या, या, आमचे सेनापती! काय लिहिलंय तुमच्या लोकांनी! किड्याचे केस! वाह जी वाह!”

ज्याच्याशी भांडायचं तो असा मिठी मारायला लागला की भाषण घशात अडकतं. मी निमूट गाडीत बसलो.

बरुआसागर जवळच आहे. तळं काठोकाठ भरलं होतं. वर छोटा किल्ला, त्याचं प्रतिबिंब पाण्यात उलटं, आणि मध्ये एक म्हैस त्या प्रतिबिंबाचा बुरूज ढवळत बसलेली. तळ्याखालच्या शेतांत आल्याची हिरवीगार पाती. बुंदेलखंडात सगळीकडे उघडे खडक बघून आलेल्या डोळ्यांना ते हिरवं थंड वाटलं. आमच्याकडे आलं चहात घालतात, हे मला नको त्या वेळी आठवलं.

येताना गाडीला उशीर होता. फलाटाच्या टोकाला पत्र्याखाली एका भडभुंज्याची भट्टी पेटलेली. तापल्या वाळूत चणे टाकायचे, हलवायचे, चाळायचे, आणि मग तळहातांनी चोळून टरफलं उडवायची. नाना सरळ तिकडे गेले.

“लेओ पंडिज्जी, अबईं भूंजे हैं,” तो म्हणाला आणि चोळलेले फुटाणे त्याने हातानेच द्रोणात भरले.

नाना ते सगळे, एकामागून एक, आभाळाकडे बघत खाऊन गेले. मला विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी मी घरी तक्रार केली ती एवढीच.

काकू डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. “कुणाकडून घेतले?”

“भडभुंज्याकडून.”

“त्याने हातांनी चोळून दिले?”

“हो. आणि नानांनी एकही…”

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या, असं दिनकर नंतर म्हणाला. मग त्या आत गेल्या आणि काहीतरी खसाखसा घासायला लागल्या.

व्हरांडा

त्या काय घासत होत्या ते सकाळी कळलं. दिनकरकडे एक पितळी सूक्ष्मदर्शक होता, एका बोटीवरच्या डॉक्टरकडून जुना घेतलेला. त्याने नानांना आव्हान दिलं होतं की किड्याचे केस स्वतःच्या डोळ्यांनी बघून जा. नाना कबूल झाले, पण आंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून येणार होते. त्यांना यंत्राला न शिवायची काही सबब राहू नये म्हणून काकूंनी तो सूक्ष्मदर्शक चिंच आणि राखेने लखलखीत घासून ठेवला होता.

“आई! ही घागर आहे का?” दिनकर किंचाळला.

“पितळ ते पितळ,” काकू म्हणाल्या.

नशिबाने भिंगं पेटीत वेगळी काढलेली होती. डोळा लावायच्या काचेवर मात्र चिंचेचा कोळ होता. तो दिनकरने स्पिरिटने पुसला आणि बाटली घाईघाईने लपवली. स्पिरिट म्हणजे काय हे नानांना समजलं असतं तर प्रकरण चहावरून दारूवर गेलं असतं.

नाना यायच्या आधी दिनकरने मला चारही चहा दाखवले, आणि इथे मला एक प्रवासवर्णन दुसऱ्याच्या पोटात घालावं लागतंय, कारण त्या व्हरांड्यात बसून मी जेवढं फिरलो तेवढं रेल्वेनेही फिरलो नव्हतो.

पहिला हिरवा. पाण्याच्या थेंबात पान उलगडलं आणि खाली बांध घातलेली शेतं पसरली, किल्ल्यावरून दिसावीत तशी. बांध नागमोडी. मधूनमधून दोन ओठ किंचित उघडलेली तोंडं. “पान त्यांतून श्वास घेतं,” दिनकर म्हणाला. पानाच्या कडेला करवतीचे दात, आणि दाताच्या टोकाला बारीक गाठ.

दुसरा काळा. तीच शेतं, तीच तोंडं, तेच दात, पण वणवा लागून गेल्यासारखी सगळी तांबूस. मी मान वर केली. “हे तेच झाड आहे?”

“तेच. एकाला लगेच भाजतात, दुसऱ्याला आधी चुरगळून लाल होऊ देतात.”

दिनकरने एक जून पान खारात उकळून मऊ केलं होतं. त्यात मध्येच पांढरे, फांद्या फुटलेले, हाडासारखे तुकडे दिसले. पानाला आधार द्यायला ते असतात. हिरवळीतून खडक वर आलेले. अगदी बुंदेलखंड.

तिसरा दाबून केलेल्या वडीचा. तो वर्षानुवर्षं मुरवतात. तिथे शेतं कुठे संपतात ते कळेना, सगळ्यावर बुरशीचे धागे, पडक्या देवळातल्या कोळिष्टकांसारखे.

आणि चौथा पांढरा, नुसत्या कोवळ्या कळ्यांचा. तो पाहिला आणि मी काचेपासून मागे सरकलो. केस! लांब, चकचकीत, टोकदार, दाट, कासगवताचं रान फुललेलं असावं तसे.

“दिन्या,” मी म्हणालो, “मास्तर खोटं लिहीत नाहीत.”

“केस आहेत. कुणाचे, ते लिहायला चुकले,” दिनकर म्हणाला. “नीट बघ, पानातूनच उगवलेत.”

तेवढ्यात नाना आले, अंग अजून ओलं, मागे मंडळींतली चारपाच जणं. काकू उंबऱ्याच्या आत, हात पदरात गुंडाळून उभ्या. त्या क्षणी त्या व्हरांड्यात सगळ्यांत शांत त्याच होत्या, आणि सगळ्यांत जास्त जाणार होतं तेही त्यांचंच.

नानांनी वाकून डोळा लावला. मग ताडकन सरळ झाले. “केस! काळे केस! मी सांगत होतो ना! छापलेलं आहे!”

मागची मंडळी “शिव शिव” म्हणाली.

“नाना,” दिनकर म्हणाला, “मी अजून पान ठेवलंच नाहीये.”

नानांनी पुन्हा डोळा लावला. “आहेत! आणि हलतायत! जिवंत आहेत!”

“जरा पापणी मिटा बरं,” काकू आतून म्हणाल्या.

नानांनी मिटली. उघडली. परत मिटली. मग त्यांनी स्वतःची पापणी बोटाने चाचपली. नवशिक्याला काचेत आधी स्वतःच्याच पापण्या दिसतात. मी मोठ्याने हसणार होतो, पण काकूंनी डोळे वटारले. जिंकायला निघालेल्या माणसाने हसू नये, हे मला कुठल्याही पत्रकाने शिकवलं नव्हतं.

दिनकरने मग खरी पांढरी कळी ठेवली. नानांना केस दिसले आणि त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. “आता? या काही माझ्या पापण्या नाहीत!”

“ती पानाची लव आहे, नाना. कोवळ्या पानाला असते.”

“कुठल्या पानाला असते? एक दाखव!”

इथे मी उडी घेतली. अंगणात तुळस होती, मी पान तोडायला धावलो. “अहो भैया! आंघोळीच्या आधी तुळस तोडतात?” काकू कडाडल्या. सकाळच्या पूजेतलं एक पान त्यांनी दुरूनच दिनकरच्या हातावर टाकलं. दिनकरने ते काचेवर ठेवलं. नानांनी पाहिलं.

तुळशीला केस होते. पांढरे, टोकदार, भरपूर.

नानांनी आधी तुळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पत्रकाकडे, जे त्यांच्याच मुकट्याच्या कनवटीला खोचलेलं होतं. “केसांचं… राहू द्या,” ते म्हणाले. “पण परक्याने हातांनी रांधलंय, ते राहतं.”

“रांधलंय कुठे?” काकू उंबऱ्यावर आल्या. “दिनू, त्या कढईत पाणी घालतात?”

“नाही. कोरडीच परततात.”

“तेल? मीठ?”

“काही नाही.”

“म्हणजे नाना, पाणी नाही, मीठ नाही, नुसतं आचेवर भाजलं आणि हातांनी चोळलं. बरुआसागरचे फुटाणे कसे होते काल?”

मंडळींमध्ये कुणीतरी खोकलं. पाणी लागलेलं अन्न कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या नाही, याचे या लोकांचे नियम कडक आहेत. पण कोरडं भाजलेलं कुणाच्याही भट्टीतलं चालतं. नाहीतर बुंदेलखंडात प्रवास कुणी केला असता?

नाना खुर्चीवर टेकले. बसल्या बसल्या त्यांच्यातला पार्सल क्लार्क जागा झाला. त्यांनी चारही डबे पुढे ओढले आणि वास घेत, दिनकरला प्रश्न विचारत, वर्गवारी सुरू केली.

“पांढरा नुसता वाळवलेला? मग हे वाळवण. पापड-कुरडयांत टाका. हिरवा भाजलेला, फुटाण्यांत. काळा?”

“लाल करून मग भाजलेला.”

“आधी काहीही होऊ दे, शेवटी भट्टीत गेला ना? फुटाण्यांत. आणि ही वडी?” त्यांनी डोळा लावला आणि झटकन काढला. “ह्याला बुरशी आहे. हे पार्सल मी घेणार नाही.”

“नका घेऊ,” काकू ताबडतोब म्हणाल्या. वडी दिनकरला सगळ्यांत आवडायची. त्याने तोंड उघडलं, आणि आईकडे बघून मिटलं.

आता मात्र मला राहवेना. “थांबा!” मी ओरडलो. “प्रश्न भाजण्याचा नाहीच! चिनी माणसाच्या हातात आणि आपल्या हातात फरक मानायचा कुणी अधिकार दिला? पाणी घातलं असतं तर काकू दोषी ठरल्या असत्या? मुळातच हे सगळं…”

“भैया,” काकू हळू आवाजात म्हणाल्या, “भाषण उद्या. आज मला माझा मुदपाकखाना मिळतोय.”

मी बसलो. नाना उठले, उपरणं झटकलं आणि जाता जाता, कुणाकडेही न बघता म्हणाले, “डाळ रात्रीच भिजत घाल, गोदू. मागल्या साली जरा कमी पडली होती.”

मुदपाकखाना

दुसऱ्या दिवशी मी व्याख्यान दिलं. विषय बदलला, चहाऐवजी हात हा विषय घेतला, आणि व्हरांड्यात काकूंनी माझं जे बोलणं तोडलं होतं ते सगळं मंडपात बोललो. टाळ्या पडल्या. त्यातल्या किती विचारांना आणि किती आतून येणाऱ्या पुरणाच्या वासाला, ते सांगता येत नाही. नानांनी जोरात वाजवल्या. मी नेमका कुणाबद्दल बोलत होतो ते त्यांना कळलं नसावं, किंवा कळलं असावं. पार्सलवाल्यांचा चेहरा वाचणं कठीण.

नंतर मी काकूंचं अभिनंदन करायला आत धावलो. धूर, आच, पुरणाचं मोठं पातेलं, आणि मध्यभागी काकू, घामाने निथळत, पाच बायकांना एकदम हुकूम देत. नानांची भावजय निमूट वेलदोडे कुटत होती.

“काकू!” मी उंबरा ओलांडला.

“बाहेर! बाहेर हो आधी! मंडपात सगळ्यांना शिवून आलास, आणि आत?”

ज्यांच्यासाठी मी सोवळ्याविरुद्ध तासभर गर्जलो, त्यांनीच मला सोवळ्याखातर हाकललं. भैयाचा एका दिवसात “अरे” झाला होता, ही एक जमा. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून वाद घालायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात वरून माझ्या ओंजळीत गरम पोळी पडली. वाद पुढे गेला नाही. पण तो मी सोडलेला नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढल्या गणपतीला मला पुन्हा बोलावलं आहे.

निघताना काकूंनी शिदोरी दिली, आणि वर एक पुडी ठेवली. “पिणार नाही ही शपथ ना?”

“हो.”

“मग ठीक.”

गाडी सुटल्यावर मी पुडी सोडली. आत पांढऱ्या चहाच्या कळ्या होत्या. बराच वेळ मी त्यांच्याकडे बघत बसलो. फुटाण्यांची पळवाट काढणाऱ्या नानांना मी मनातल्या मनात किती हसलो होतो, ते सगळं आठवलं. किल्ला ढगांत हळूहळू मागे सरकत होता. तो बघायचा राहूनच गेला.

समोरच्या गृहस्थांनी विचारलं, “हे काय आहे?”

“फुटाणे,” मी म्हणालो आणि एक कळी तोंडात टाकली. जिभेला आधी लव लागली, मग कडू, मग बऱ्याच वेळाने गोड.

मास्तरांना मी सांगितलं आहे की चहा प्यालो नाही. ते खरं आहे.